आईबापाच्या लग्नाचा चौक

एकोणीसशे अठ्ठावन्न साली तलासरीत आम्हा वारली पोरांची परिषद ठरली. जमिनीचे, मजुरीचे हक्क मागायचे होते आणि आम्ही कोण तेही सांगायचं होतं. 'तुम्हाला रीतच नाही' हे बाजारात ऐकून कान किटले होते. आमच्या गंजाड गावातर्फे मी छाती काढून कबूल केलं, लग्नगाणी वहीत उतरवून आणतो. सातवी पास माणसाला काय, वही उघडली की सगळं आपोआप आत येतं!

ती गाणी पाड्यात फक्त भिकी आजीला येत. ती आमची धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी. आमच्यात भटजी नसतो. आजी थकली होती, आणि तिच्यामागे गाणी चालवणारं कोणीच नव्हतं.

मी, माझा दोस्त बाळ्या आणि शेजारची जिवली वहिनी तिच्याकडे गेलो. आजीने वहीकडे बघितलंसुद्धा नाही.

"गाण्यानं देव येतात, लक्ष्या. आल्यावर इचारतील, नवरा-नवरी कुठं? वही दाखवू?"

पाड्यात तर एकही लग्न ठरलेलं नव्हतं. बाळ्या परत जायला उठला.

माझे आईबाप पंचवीस वर्षं एकत्र नांदत होते, पण लग्न लागायचं राहून गेलं होतं. आमच्यात ते चालतं, सवडीने लावतात. पण एका मास्तरांनी भर वर्गात ते काढून मला रडवलं, तेव्हापासून मी तोंड शिवलं होतं.

"नवरा-नवरी हायत," मी मान खाली घालून म्हणालो. "माझी आई न् बा."

बाळ्या ओरडला, "माझेपण राहिलेत रं!" आजी इतकी हसली की तिला खोकला लागला.

आठवड्यात एकाच मांडवात दोन जोडपी बसली. बायकांनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, लिहिला. आई नव्या नवरीसारखी लाजत होती. गाताना आजीचा दम तुटला, तिथे लग्नालग्नात तिच्या मागे बसून ऐकत आलेल्या जिवली वहिनीने ओळ उचलली आणि शेवटपर्यंत नेली. आजी नुसती मान हलवत राहिली. मी तारप्याच्या सुरावर नाचाच्या फेरात होतो, वही घरीच राहिली.

आजी, तुझे उपकार कसे फेडू? तू तेव्हा वहीला हो म्हणाली असतीस, तर गाणी वहीतच राहिली असती आणि ती वही वाळवीने केव्हाच खाल्ली असती.

तलासरीत मी रिकाम्या हाताने उभा राहिलो. "गाणं आणलं नाही," म्हणालो. "ते लग्नातच ऐकायचं. मी परवा माझ्या आईबापाच्या लग्नात नाचलो."

मागून एका पोराचा आवाज आला, "माझेपण राहिलेत! धवलेरी पाठवा!"

माझ्यासोबत आलेली जिवली वहिनी पदर खोचून उभी राहिली.