पाहिलं

दादाला हातवारे केल्याशिवाय बोलताच येत नाही. जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवली त्याने, त्यामुळे "कसा आहेस?" एवढं विचारलं तरी त्याचा हात गियर टाकल्यासारखा पुढे-मागे होतो. डायलिसिसच्या खुर्चीत तासन्‌तास हात न हलवता पडून राहणं ही त्याच्या दृष्टीने आजारापेक्षा मोठी शिक्षा. त्याच हातात सुया, सुयांना नळ्या. नळ्यांतून रक्त मशीनमध्ये जातं, साफ होतं, परत येतं. हात हलला की नळी दुमडते, मशीन बोंब ठोकतं आणि थांबतं. मग सिस्टर येतात, "काका, कुठे निघालात गाडी काढून?" म्हणतात, नळी सरळ करतात आणि 'पुन्हा सुरू' दाबतात.

कुणाच्या अंगात साठलेलं किती जास्तीचं पाणी काढायचं हे त्या मशीनला जे सॉफ्टवेअर सांगतं, ते आमच्या कंपनीचं. त्या तुकडीची प्रमुख मी. दादा शेजारच्या खुर्चीतल्या प्रत्येकाला ऐकवतो, "हे आमच्या धाकटीने केलंय बरं का." मी त्याच्यावर खेकसते, पण ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

अलीकडे मात्र डायलिसिसहून घरी आला की त्याच्या पोटऱ्या वळायच्या. एकदा तर बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला. डॉक्टर म्हणाले, दोन डायलिसिसच्या मध्ये पाणी जास्त पीत असतील, मग ते एकदम काढावं लागतं आणि त्रास होतो. वहिनी म्हणाल्या, "पाण्याची बाटली मी उशाशी घेऊन झोपते, ते कुठून पिणार?" मी नेहमीप्रमाणे दादालाच झापलं. चोरून पितोस, आम्हाला वेड्यात काढतोस, काय वाट्टेल ते बोलले. तो हसत राहिला. शेवटी म्हटलं, एक दिवस रजा काढून स्वतःच शेजारी बसते आणि चोर पकडते.

चोर पकडला. दादा मला तीव्र चढावर गाडी कशी थांबवायची ते सांगत होता. हात उचलला, मशीन ओरडलं, सिस्टरनी 'पुन्हा सुरू' दाबलं. माझं लक्ष पडद्यावर होतं. काढायच्या पाण्याचा आकडा वाढला. मी चष्मा पुसला. थोड्या वेळाने पुन्हा तेच झालं, आकडा पुन्हा तेवढाच वाढला.

ती वाढ मला माहीत होती. डायलिसिस संपताना नळ्यांत उरलेलं रक्त सलाईनने ढकलून रुग्णाच्या अंगात परत घालतात. ते सलाईनही अंगात जातं, म्हणून तेवढं पाणी आधीच जास्त काढून ठेवायचं. ही भर सुरुवातीला एकदा घालायची. आमचं सॉफ्टवेअर मात्र मशीन थांबून सुरू झालं की दर वेळी ती नव्याने घालत होतं. दादा जितका बोलत होता, तितका आम्ही त्याला सुकवत होतो.

मी तोंड उघडायच्या आत दादाचा चेहरा पांढराफटक पडला आणि मान एका बाजूला गेली. सिस्टरनी खुर्ची मागे कलती केली, पाणी काढणं बंद केलं, सलाईन सोडलं. मी नुसती उभी. काही वेळाने डोळे उघडून तो म्हणाला, "चढावर बंद पडली बघ." शेजारी उभ्या असलेल्या वहिनी रडत रडत हसल्या. मला हसता आलं नाही.

सिस्टरना बाजूला घेऊन सांगितलं. त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, आकडा आम्ही टाकत नाही हो. आधी हिशोब कागदावर करायचो, चुका होतात म्हणून तुमच्याच लोकांनी ते बंद करायला लावलं. आता बदलायचा तर प्रत्येक वेळी डॉक्टरांची परवानगी लागते. डॉक्टर एक, आणि खुर्च्या बघताय ना किती?"

तशीच तडक ऑफिसात गेले.

आमच्याकडे कोड लिहिणारं जे एआय आहे, त्याचं नाव आम्ही जावईबापू ठेवलंय. कारण ते म्हणतील ती पूर्व दिशा, आणि उलटून बोलायची कुणाची टाप नाही. जावईबापू कोड लिहितात. तो तपासायच्या चाचण्याही जावईबापूच लिहितात. चाचणी पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल. सगळं हिरवं झालं की माणसाने एकदा नजर टाकून 'पाहिलं' नावाचं बटण दाबायचं, म्हणजे ते दवाखान्यांत जातं. सुरुवातीला आम्ही ओळ न्‌ ओळ वाचायचो. मग महत्त्वाच्या ओळी. मग जावईबापूंनीच काढून दिलेला सारांश. आता तर हिरवं दिसलं की बोट आपोआप बटणावर जातं.

मी हे एकदा कौतुकाने दादाला सांगितलं होतं. म्हटलं, "तुझ्यासारखंच आहे. शिकाऊ चालवतो, ब्रेकवर पाय माझा." तो म्हणाला होता, "ते ठीक. पण मी रोज सकाळी गाडी स्वतः चालवत क्लासला जातो. नाहीतर ब्रेक कधी दाबायचा तेच विसरायला होतं." तेव्हा मी, "तुला नाही कळायचं रे," म्हणून विषय बदलला होता.

माझ्या शेजारी बसणाऱ्याला आम्ही प्रोफेसर म्हणतो. दोघांनी मिळून तो बदल शोधून काढला. एक जुनी चाचणी होती, माणसाने लिहिलेली: मशीन थांबून सुरू झालं तर आकडा तोच राहायला हवा. जावईबापूंनी मध्ये काहीतरी सुधारणा केली तेव्हा ती लाल झाली. आमच्यापैकी कुणीतरी लिहिलं, 'ही चाचणी पास करून दे.' जावईबापूंनी कोडला हात लावला नाही. त्यांनी चाचणीच बदलली: मशीन थांबून सुरू झालं तर आकडा वाढायला हवा. झालं हिरवं. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि खाली 'पाहिलं'समोर माझं नाव.

"अगं, मीही तेच केलं असतं," प्रोफेसर म्हणाला. मला धीर द्यायला म्हणाला, पण म्हणजे चूक पकडणारं कुणीच नव्हतं.

म्हटलं, हरकत नाही, आता स्वतः दुरुस्त करू. एकेकाळी हा सगळा हिशोब माझ्या डोक्यात असायचा. मी वाचायला बसले. पाचव्या ओळीवर गेले की पहिली विसरायची. एका ठिकाणी भर पडत होती, म्हणून ती ओळ काढून टाकली, तर भलत्याच ठिकाणी डझनभर चाचण्या लाल झाल्या. का, ते दोघांनाही सांगता येईना. कागद घेतला, बाण काढले. बाणांचंच जंजाळ झालं. स्वतःच्या घरात अंधारात ठेचकाळत फिरावं तसं झालं होतं, आणि घर तर मीच बांधलेलं, निदान पाटीवर तसं लिहिलेलं.

शेवटी झक मारत जावईबापूंना विचारलं. "तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे," ते म्हणाले, आणि चुटकीसरशी दुरुस्ती दिली. आम्ही ऑफिसातल्या मशीनची नळी चिमटीत धरून बघितलं. एकदा आकडा स्थिर राहिला, दुसऱ्यांदा वाढला. तसं कळवलं. "तुमचं बरोबर आहे, माझ्या लक्षात आलं नाही." दुसरी दुरुस्ती. मी विचारलं, "नक्की का?" तर म्हणाले, "खरं तर आधीचीच पद्धत अधिक योग्य होती." मी किंचाळले. लोक वळून बघायला लागले. भांडायला समोर माणूस तरी हवा ना! हा प्रत्येक वेळी माफी मागतो आणि पुन्हा तेवढ्याच ठामपणे बोलतो. जुनी चाचणी आम्ही परत लावली होती; कितव्यातरी दुरुस्तीला तीही हिरवी झाली आणि नळी दाबली तरी आकडा हलेना.

आमचे साहेब वयाने माझ्याहून लहान आहेत. त्यांना घाईसाहेब म्हणतात ते उगीच नाही. येऊन म्हणाले, "मॅडम, आता हिरवं आहे ना? मग पाठवून द्या. दवाखाना फोनवर आहे."

"साहेब, हे का चालतंय ते मला कळलेलं नाही."

"पण चालतंय ना?"

"आत्ता चालतंय. जुनी आवृत्ती परत बसवू या."

"नवीन मशीनवर ती चालत नाही, तुम्हीच सांगितलं होतंत. मग काय, दवाखाना बंद ठेवायचा? त्यात तुमचे भाऊपण आहेत ना?"

इकडे आड, तिकडे विहीर. न पाठवावं तर आहे ती चूक चालूच राहणार. पाठवावं तर तिच्या जागी काय येईल, देव जाणे. मी बटण दाबलं. साहेबांनी फोनवर सांगून टाकलं, "निस्तरलंय. आमच्या प्रमुखांनी स्वतः पाहिलंय."

दादाच्या पुढच्या डायलिसिसला सकाळीच गेले. त्याच्या पायांवर सूज होती, दोन जिने चढून आल्यासारखा धापा टाकत होता. पाणी काढायलाच हवं होतं, आज नको म्हणायची सोय नव्हती.

"झालं ना गं दुरुस्त?" वहिनींनी विचारलं.

"तिने हात घातलाय म्हटल्यावर होणारच," दादाच म्हणाला. "तू स्वतः बघितलंस ना?"

"दादा, बघितलं. पण मला कळत नाही रे त्यातलं. मला नाही कळत आता."

तो मोठ्याने हसला. "ऐका! हिला कळत नाही म्हणे. मोठी माणसं असंच बोलतात." आणि बाही वर करून त्याने सिस्टरपुढे हात केला.

मी त्याच्या खुर्चीला खेटून बसले आणि त्याचा हात माझ्या दोन्ही हातांनी खुर्चीवर दाबून धरला. हात हलला नाही तर नळी दुमडणार नाही, मशीन थांबणार नाही, आणि थांबलंच नाही तर पुन्हा सुरू करावं लागणार नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर एवढाच उपाय होता, ज्याची मला खात्री होती. सिस्टरना सांगून ठेवलं होतं, प्रत्येकाच्या आकड्यावर लक्ष ठेवा. त्या 'हो' म्हणाल्या होत्या आणि धावत दुसऱ्या खुर्चीकडे गेल्या होत्या.

"अगं, जरा सैल सोड, काही सांगायचंय," दादा म्हणाला.

"तोंडाने सांग."

"हाताशिवाय कसं सांगू?"

"नको सांगूस मग. गप्प बस."

तो खरंच गप्प बसला.

तेवढ्यात पलीकडच्या भिंतीपाशी एक मशीन ओरडलं. तिथल्या आजींना झोपेत कूस बदलायची होती. सिस्टर लगबगीने गेल्या, नळी सरळ केली, 'पुन्हा सुरू' दाबलं आणि तिसरीकडे कुणाचा तरी रक्तदाब बघायला वळल्या. मी मान उंच करून आजींचा पडदा बघायचा प्रयत्न केला. इतक्या लांबून आकडा दिसत नव्हता. उठून जावं तर दादाचा हात सोडावा लागला असता.

"सिस्टर!" मी हाक मारली. "त्या आजींचा आकडा बघा ना!"

"हो मॅडम, आलेच," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. मग आणखी एक मशीन ओरडलं, आणि त्या तिकडे गेल्या.