भरितावरची गांधीलमाशी

शेवटी ती साधी माशीच निघाली आणि भाईदासची सोयरीक मोडली. पण असं काही घडलेलं नाही. शिरपूरकडे आजही विचारलं तर लोक त्या दिवशीचं भरीत कसं झालं होतं तेवढंच सांगतात. आपणही तसंच धरून चालू.

एकोणनव्वद सालच्या माघात दोंडाईच्याचे सुकदेव आबा मुलगा बघायला भाईदासच्या शेतावर आले. मुलगी यशोदाही आली, कारण भरिताला नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, भाईदासनं ती स्वतः कुटली. आबा खूश दिसले. भाईदासला आपण आता नवरदेवच झालो असं वाटू लागलं.

तेवढ्यात काळ्यापिवळ्या पट्ट्यांचं, बारीक कमरेचं काहीतरी येऊन त्याच्या नाकासमोर अधांतरी थांबलं. भाईदास उठला, भरिताचं पातेलं ओलांडून तुरीत घुसला आणि शेताच्या पलीकडे निघाला.

तो परत येईपर्यंत आबांचं जेवण झालं होतं. काय होतं ते, त्यांनी विचारलं. गांधीलमाशी, भाईदास म्हणाला. असल्या एकीनं सातपुड्यात बैल लोळवलाय. आबांना ते पटण्यासारखं वाटलं. गांधीलमाशीपासून पळतो तो शहाणा, माशीपासून पळतो त्याला मुलगी नाही, असा त्यांनी हिशेब मांडला. भाईदासच्या चुलत्यानं भरितावर बसलेला तो जीव चहाच्या ग्लासाखाली धरला आणि दोन्हीकडची मंडळी ग्लासाभोवती बसली.

आत त्या जिवानं पुढचे पाय एकमेकांवर चोळले.

"गांधीलमाशी हात चोळस का?" आबांनी विचारलं.

"पाहुण्यांना लाजतेय," भाईदास म्हणाला.

जेवायला बोलावलेले शेतकी खात्याचे मोतीलाल साहेब पालथे पडून बघू लागले. पंख दोनच आहेत, गांधीलमाशीला चार असतात, असं त्यांनी सांगितलं. डोळे मोठे, मिशा आखूड, डंख नाही. ही फुलांवरची माशी. पाखरांनी खाऊ नये म्हणून गांधीलमाशीचे कपडे घालून हिंडते.

भाईदासनं ही बाजू आपली समजली. पाखरांचा धंदाच माश्या ओळखायचा, ती फसतात, तर माझं काय चुकलं, असं तो म्हणाला.

"मंग पोर काय पाखराले देऊ?" आबा म्हणाले.

यशोदानं ग्लास उचलला. माशी तिच्या मनगटावर बसली आणि तिथलं भरीत चाटू लागली. यशोदानं भाईदासकडे बघितलं. "आता माहीत शे ना, काय शे ती? हात पुढे करा."

भाईदासनं हात पुढे केला. माशी उडाली आणि त्याच्या बोटांसमोर अधांतरी थांबली. तिला डंख नाही हे त्याला पूर्ण माहीत होतं. तेच मनाशी घोकत तो तुरीतून पळत होता.

संध्याकाळी पाहुणे शिल्लक भरीत डब्यात घालून दोंडाईच्याला गेले. सोमवारी भाईदास तालुक्याच्या कचेरीत अर्ज घेऊन उभा राहिला:

"अर्जदाराची सोयरीक केवळ एका माशीतील खालील त्रुटींमुळे अडकली आहे. तरी सदर माशीस मागील तारखेपासून डंख मंजूर करण्यात यावा, उरलेले दोन पंख टप्प्याटप्प्याने देण्यात यावेत, आणि तसे लेखी सुकदेव आबा, दोंडाईचा यांना परस्पर कळविण्यात यावे, ही नम्र विनंती."