खुर्चीनं केलेला चमत्कार

धप्प! सकाळपासूनचा हा चौथा. खिडक्या बंद, पंखे बंद, हॉलमध्ये तीनशे माणसं ताटकळत उभी, आणि महाराजांचा हुकूम असा की तासभर जागचं बोटसुद्धा हलवायचं नाही. जो कोसळला त्याचं पाप गळालं म्हणे! मग महाराज लगबगीनं येणार, पडलेल्याचे दोन्ही पाय स्वतःच्या खांद्यावर घेणार, डोळे मिटून काहीतरी पुटपुटणार. अर्ध्या मिनिटात माणूस टक्क डोळे उघडतो. एवढा मोठा गुरू आणि शिष्याचे पाय खांद्यावर! लोक हुंदके देऊन रडत होते.

आईवडिलांबरोबर आलेल्या थोरलीला मात्र रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. ती इस्पितळात हृदयाची सोनोग्राफी करायची. दोन महिन्यांपूर्वी तिनं स्वतःच्या वडिलांची केली, आकडे मांडले, आणि तेव्हापासून ती आतून बधिर झाली होती. आत्तासुद्धा ती नुसती उभी होती, पायाची बोटं गुपचूप हलवत.

अण्णा, म्हणजे तिचे वडील, शेजारी खुर्चीत. पाय सुजलेले, धाप लागलेली. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून ते रात्री बसूनच झोपायचे. महाराजांनी सांगितलं म्हणून आठवडाभर गोळ्याही बंद होत्या. आता महाराज त्यांनाच आडवं करून त्यांचे पाय खांद्यावर घेणार होते.

"आई, यांना आडवं करू नकोस. जीव जाईल."

"अभद्र बोलू नकोस! तुझ्या मशीननं काय दिवे लावले? महाराज निदान..."

वाक्य पुरं झालंच नाही. आईचा चेहरा पांढराफटक पडला आणि ती थोरलीच्या अंगावर कलंडली.

थोरलीनं तिला जमिनीवर निजवलं, नाडी बघितली, जवळची रिकामी प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि आईच्या पोटऱ्या तिच्यावर ठेवल्या. महाराज धावत आले. "बाजूला हो बाळ, याला शक्ती लागते!"

"काय झालं गं?" आईनं डोळे उघडून विचारलं.



"खुर्चीनं शुद्धीवर आणलं," थोरली सपाट आवाजात म्हणाली. "आता हिचे शिष्य व्हा."

"ही खुर्ची आमच्या ऊर्जेनं भारलेली आहे!" महाराज गरजले.

"मग खांदे कशाला दुखवून घेता?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

थोरली हसली नाही. "न हलता उभं राहिलं की रक्त पायांत साठतं. पोटऱ्या हलल्या की ते वर ढकललं जातं. हृदयाकडे येईल तेवढंच ते पुढे धाडणार. आलंच कमी, तर मेंदूला कुठून देणार? माणूस पडतो. पाय उचलले की साठलेलं रक्त परत येतं. इस्पितळात आम्ही पाय उचलून हेच मोजतो. एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडलं, मिनिटाला किती ठोके, त्यांचा गुणाकार. धडधाकट माणसाचा मिनिटाला साधारण पाच लिटर भरतो. अण्णांचा जेमतेम तीन. आहे तेच रक्त त्यांच्या हृदयाला रेटवत नाही. पाय उचलून आणखी ओतलं, तर ते फुप्फुसांत तुंबेल आणि अण्णा सगळ्यांसमोर गुदमरतील."

कुणीतरी खिडकी उघडली. महाराजांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली.

"मग तू तरी बरं कर ना यांना," आई जमिनीवरूनच म्हणाली.

"बरे नाही होणार, आई. गोळ्यांनी टिकतील. वर्ष, कदाचित दोन. याहून जास्त कुणी सांगितलं, तर त्याला म्हण, मोजून दाखव. मी म्हटलं तरी म्हण."

अण्णा दम खात म्हणाले, "तीन लिटर. एवढं सोपं होतं, तर दोन महिने आम्हाला का नाही सांगितलंस? नुसतं 'गोळ्या घ्या' म्हणालीस. कळलं असतं तर इथं कशाला आलो असतो?"

थोरली त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि दोघांना पहिल्या आकड्यापासून सगळं सांगू लागली.