जेवणाचा रकाना

निवडणुकीत हरलेल्या माणसाच्या मागे सरकार पुन्हा एकदा लागतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. हरलास, ठीक आहे, आता खर्च किती केलास ते सांग. १९५२ च्या निवडणुकीनंतर हे विचारायचं काम कल्याणच्या कचेरीत माझ्याकडे होतं. उमेदवारांनी भरलेले खर्चाचे तक्ते तपासायचे, पावत्या लावून बघायच्या, चुका काढायच्या आणि कागद मुंबईला वरच्या कार्यालयात पाठवायचे. चुका काढायला मला आवडायचं. माझी बायको कुंदा म्हणायची, देवाने तुम्हाला डोळे दिलेत ते खाडाखोड बघायला. ती काही खोटं बोलत नव्हती.

पालेगावचे दौलतराव अपक्ष उभे होते. सहाशे अकरा मतं पडली, अनामत गेली. तक्त्यावर उमेदवाराने आणि त्याच्या प्रतिनिधीने, दोघांनीही सही करायची आणि हिशोब खरा असल्याची मॅजिस्ट्रेटपुढे शपथ घ्यायची, असा नियम होता. दौलतरावांनी प्रतिनिधी म्हणून थोरल्या विधवा बहिणीचं नाव दिलं होतं. बनूबाई. घरातला पैसा तिच्या कनवटीला असायचा, म्हणून ती.

तिला मी आधीपासून ओळखत होतो. मतदारयादी करायला पालेगावात गेलो, तेव्हा बायका स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची आई लिहा, तमक्याची बायको लिहा. ही बाई माझ्याबरोबर दारोदार फिरली आणि एकेकीला दटावून नाव बोलायला लावलं. ‘मेल्यावर बी सखूची आयस म्हनूनच जानार कं?’ असं एका म्हातारीला विचारलेलं मला आठवतं. मतदानाच्या दिवशी रांगेत पहिली तीच होती. त्या एका दिवसाबद्दल ती पुढे कुणीही भेटलं की सांगत बसायची.

मार्चमध्ये भाऊ-बहीण कचेरीत आले. बनूबाईने टेबलावर पत्र्याचा डबा उघडला. उल्हासनगर कॅम्प एकमधल्या छापखान्याची हँडबिलांची पावती, बैलगाडीचं भाडं, कंदिलाचं तेल, खळ आणि सुतळी. सगळं तारखेवार. इतका चोख तक्ता माझ्या टेबलावर तोवर आला नव्हता. मला चुकाच सापडेनात, म्हणून मी चिडलो असेन. मग एक रकाना कोरा दिसला.

‘जेवणाचा खर्च?’

‘तो नाय,’ बनूबाई म्हणाली.

‘नाही कसा? पंधरा दिवस तुमच्या अंगणात पंगती उठत होत्या. साऱ्या तालुक्याला माहीत आहे.’

‘जेवले ना. भात आमच्या शेतातला, सुकट घरची. त्याला कसला खर्च?’

‘घरचं असलं तरी किंमत लावायची. किती माणसं जेवली?’

तिने डब्यावरून मान वर केली. ‘जेवनाऱ्याची पानं कोन मोजतं, भाऊसाहेब? आमच्यात नाय मोजत.’

दौलतराव घाईला आले होते. ‘तीस रुपये लिवा. नायतर चाळीस. काय तं लिवून टाका.’

मीही चाळीसला तयार होतो. खर्चाच्या मर्यादेच्या आसपासही ते नव्हते. पण बनूबाईने विचारलं, ‘अन् मी त्याची शपथ घ्यायची? चाळीस रुपयाचं जेवले म्हनून?’

‘हो.’

‘मना ठाव नाय किती जेवले ते. देवाचं नाव घेऊन कसं सांगू?’

दौलतराव तिच्यावर ओरडले. मी समजावलं, अंदाज चालतो, सगळे तेच करतात. ती डबा मिटून मांडीवर घेऊन बसली. जेवणाचं सोडून बाकीच्याची शपथ घेते, म्हणाली. तसं चालत नव्हतं. प्रतिनिधीची शपथ नाही तर तक्ता दाखलच होत नव्हता.

‘सही केली नाही तर पाच वर्षं उभं राहता येणार नाही. भावालाही नाही, तुम्हालाही नाही,’ मी म्हणालो.

‘मना कुठं उभं रायचंय?’ ती हसली. दौलतराव म्हणाले, ‘मी बी नाय आता. पुरे झाली हौस.’

आता जे सांगायचं ते सांगतो. कायद्यात पुढचं वाक्य होतं. तक्ता रीतसर भरला नाही तर उमेदवार आणि प्रतिनिधी, दोघांचा मताचा हक्कही पाच वर्षं जातो. ते वाक्य मला पाठ होतं आणि मी ते बोललो नाही. दीड वाजत आला होता, मला भूक लागली होती, आणि मी मान्य केलेल्या आकड्याला एका खेडवळ बाईने खोटं म्हटलं, याचा राग आला होता. मत जातंय म्हटल्यावर तिने काय केलं असतं, कोण जाणे. ते ठरवायची संधी मी तिला दिली नाही, एवढं खरं.

त्याच आठवड्यात अंबरनाथचे कंत्राटदार हेमचंद्र यांचा तक्ता आला. तेही हरले होते. त्यांनी शिवमंदिराजवळ मांडव घालून तीन दिवस बुंदीची जेवणं घातली होती, मी स्वतः बघितली होती. तक्त्यात लिहिलं होतं, ‘कार्यकर्त्यांचा चहा, अकरा रुपये चार आणे.’ पावती जोडलेली, शिक्का मारलेला, दोन्ही शपथा जागच्या जागी. कागदात खोट नव्हती. मी ‘ठीक’ असा शेरा मारला.

यथावकाश मुंबईहून हुकूम आला, इंग्रजीत. एक प्रत दौलतरावांना गेली, त्यांनी ती फडताळात टाकली असणार. यादीतली नावं खोडायचं काम माझंच. बनूबाईच्या नावावर मी पट्टी ठेवून तांबडी रेघ मारली.

दोन वर्षांनी आमदार वारले आणि पोटनिवडणूक लागली. हेमचंद्र पुन्हा उभे राहिले. माझी नेमणूक पालेगावच्या शाळेत झाली. तिकडे जाऊ नये म्हणून मी साहेबांना विनवून पाहिलं, चाललं नाही.

बायकांच्या रांगेत बनूबाई सगळ्यांच्या पुढे उभी होती. बरीच वाळली होती, हातात काठी आली होती. मागच्या बायकांना ती पेटीत कागद कसा टाकायचा ते सांगत होती. टेबलापाशी येऊन तिने नाव सांगितलं, मोठ्याने, पूर्ण.

मी यादी तिच्यापुढे फिरवली. तिला वाचता येत होतं. तिने रेघेवर बोट ठेवलं.

‘त्या जेवनाचं?’

‘हो.’

‘तुमाला तवाच ठाव होतं?’

‘हो.’

‘मंग बोलला नाय ते?’

भिंतीपाशी आडोशामागे ओळीने पेट्या होत्या, प्रत्येक उमेदवाराची वेगळी, त्यातली एक हेमचंद्रांची. तिने तिकडे एकदा पाहिलं. ‘त्याचं नाव बरं नाय खोडलं,’ एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोसलं असतं.

रांग खोळंबली होती. दाराबाहेर पालेगावच्या बायका माना उंच करून बघत होत्या. काय झालं, बनूआत्याला का थांबवलं, अशी कुजबुज सुरू झाली. ती एकदम खाली वाकली आणि हळूच म्हणाली, ‘भाऊसाहेब, शाई तरी लावा.’

‘मत नसलेल्याला शाई लावता येत नाही.’

‘मना ठाव हाय.’ तिने डावा हात टेबलावर ठेवला. ‘या समद्यांना मी आनलंय. मना हाकललं असं दिसलं तं त्या मागारी जातील.’

मी काडी शाईत बुडवून तिच्या बोटाला लावली. नोकरीतला तो माझा पहिला खोटेपणा. ती पदर सावरून दाराकडे गेली. बाहेर कुणीतरी विचारलं, ‘आत्या, दिलंस कं मत?’

तिने बोट वर करून दाखवलं.