दोनदा मेलेला गिरणीवाला

आमच्या आत्याला मरायची अजिबात घाई नाही, पण मेल्यावर कुठे झोपायचं याची मात्र भयंकर घाई. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही गुडघे संपावर, जीभ तेवढी तरुण. "आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते," ती म्हणते. "तिच्या कुशीत झोपल्याचं काही म्हणून आठवत नाही मला. शेवटी तरी तिच्या शेजारी पडू दे." हे ऐकलं की मला भरून येतं. भरून आलं की मला राग येतो, आणि मग मी आत्यावरच खेकसते. आमच्या घराण्याची रीतच ती.

अडचण एवढीच होती, की तिची आई कुठे पुरली आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. माझे आजोबा पाथरवट. चार गावांतल्या कबरींचे दगड त्यांच्या हातचे. आजी गेली तसे ते आत्याला आणि तान्ह्या माझ्या बाबांना घेऊन शहरात आले आणि त्या गावाचं नाव पुन्हा काढलं नाही. एकदाच म्हणाले होते, "तिचा दगड मीच घडवला. माझ्याकडचा सगळ्यांत चांगला दगड तिला दिला." बस्स, एवढंच. तिथल्या चर्चच्या जुन्या वहीत आजीच्या दफनाची ओळ सापडली, पण जागेचा रकाना कोरा. त्यात पाद्रीबाबांचं पत्र आलं: कबरस्तानाचं आवार भरलं आहे, शनिवारी दुपारी नवा नकाशा पक्का होईल. ज्यांना आपल्या माणसाची कबर बोट ठेवून दाखवता येईल त्यांनाच तिच्या शेजारी जागा, बाकीच्यांना रस्त्यापलीकडच्या नव्या मैदानात.

"रस्त्यापलीकडे?" आत्या कडाडली. "ट्रकांच्या आवाजात मला झोप लागायची नाही!"

"तेव्हा तुला ऐकू येणार आहे का?"

"मला सगळं ऐकू येतं. तू मघाशी मला थेरडी म्हणालीस तेही ऐकलंय."

मी शिवणकाम करते. शनिवारी सकाळी दुकानाला कुलूप ठोकलं, अंगावर कोट चढवला, आत्याला गाडीत कोंबलं, तिची घडीची खुर्ची, एक बादली आणि दोन ब्रश घेतले आणि निघाले. ही आमची तिसरी खेप. आधीच्या दोन खेपांत मी सगळं आवार पालथं घातलं होतं. पाथरवटाच्या बायकोचा दगड म्हणजे कसा हवा! नक्षी हवी, वेलबुट्टी हवी, एखादा देवदूत तरी हवा. म्हणून जिथे नक्षी दिसेल तिथे मी घासत सुटले होते. देवदूत नऊ निघाले, आजी एकाखालीही नव्हती.

आत्याने खुर्ची मधोमध मांडून घेतली आणि काठीनं हुकूम सोडायला सुरुवात केली. "तो बघ. तो नाही गं, त्याच्या पलीकडचा. डोळे आहेत की बटणं?"

"आत्या, तुला काही आठवतंय का? एखादं झाड, भिंत, काहीही?"

"किती वेळा सांगू? बाबांनी मला पाटावर बसवलं, माझा हात गार दगडावर दाबून धरला आणि खडूनं गुदगुल्या केल्या. मी हसले, तर ओरडले, हलू नकोस म्हणून. एवढंच आठवतं. खेळत होते माझ्याशी."

"बायको मेलेली, आणि हे खेळत होते?"

"माझ्या बापाबद्दल बोलायचं काम नाही!"

पालथ्या घड्यावर पाणी. मी बादली उचलली आणि फाटकापासून पुन्हा सुरुवात केली. तिथे एका दगडावर गावच्या गिरणीवाल्याचं नाव होतं, खाली जात्याचं चित्र. वाचलं आणि पुढे निघाले, आणि मग थबकले. हेच नाव, हेच जातं मी कुठेतरी पाहिलं होतं. शोधत शोधत पार मागच्या भिंतीपर्यंत गेले, तर तिथे उभा होता, काळाभोर, गुळगुळीत, अंगानं चांगला जाड दगड. तेच नाव आणि जन्माची तारीखही तीच, फक्त मृत्यूचं साल बावीस वर्षं आधीचं.

"मामा!" मी ओरडले. आवाराची राखण करणाऱ्या आणि खड्डे खणणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे कुदळमामा म्हणतात. तो खांद्यावर कुदळ टाकून डुलत डुलत आला. "मामा, तुमच्या गावात माणूस दोनदा मरतो का?"

"बापलेक असतील."

"एकाच दिवशी जन्मलेले?"

कुदळमामाने दोन्ही तारखा बोटांवर मोजल्या आणि खो खो हसायला लागला. "हात्तिच्या! तो होय! अहो ताई, माझा आजा सांगायचा ना. गिरणीवाला अंथरुणाला खिळला, डॉक्टर म्हणाले दोन दिवस काढेल. पोरं मोठी तत्पर. लगेच दगड करून घेतला, साल घालून. आणि तिसऱ्या दिवशी हा उठून जेवायला बसला! स्वतःचा दगड बघून असा पेटला, असा पेटला, की पुढची बावीस वर्षं मेलाच नाही."

"आणि दगड?"

"तो कशाला घेतोय? पडला पाथरवटाच्या गळ्यात."

"मग इथे कुणी उभा केला?"

"उभा मीच केला. मोठं वादळ झालं तेव्हा पंधरा दगड आडवे झाले होते. मी एकट्यानं उचलले. जागा वीतभर बदलली नाही कुणाची! ज्या बाजूचं नाव वाचता येतं, ती बाजू पुढे केली." तो छाती काढून सांगत होता. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "ताई, तुमच्या कोटाचा छातीवरचा खिसा असा उजवीकडे कसा?"

"उलटवलाय म्हणून," मी वैतागून म्हणाले. आधीच बारा वाजत आलेले, त्यात याला माझा खिसा दिसतोय. "एका गिऱ्हाइकाचा आहे. शिवून होईस्तोवर बाईंचा आकार वाढला, मग नको म्हणाल्या. कापड एक नंबर. मी वापरून वापरून वरची बाजू विटवली, मग उसवून आतली कोरी बाजू बाहेर काढली. चांगला माल कुणी फेकून देतं का? आमच्या धंद्यात लोकांचं नाकारलेलंच तर आम्ही..."

मी त्या काळ्याभोर दगडाकडे पाहिलं. आजोबांचे शब्द आठवले: 'माझ्याकडचा सगळ्यांत चांगला दगड.'

"आत्या!" मी किंचाळले. "ऊठ! आत्ताच्या आत्ता ऊठ!"

दगड आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम वीतभर फट, तीही वेलींनी भरलेली. वेली मी ओरबाडून काढल्या, पण माझा दंड काही आत जाईना. कुदळमामाचा पंजा तर फावड्याएवढा. आत्या काठी टेकत आली, मला कोपरानं बाजूला सारलं आणि म्हणाली, "सरक. खाऊन खाऊन ही गत." मग तिनं आपला वाळका हात खांद्यापर्यंत आत घातला.

"अक्षरं लागतायत का?"

"सगळं झिजलंय. काही कळत नाही." तिची बोटं खाली सरकत होती. "काही नाही गं. काही नाही..." आणि ती थांबली.

"काय झालं? आत्या? विंचू आहे का?"

झोपेतसुद्धा बोलणाऱ्या त्या बाईनं नुसता गाल गिरणीवाल्याच्या नावावर टेकवला, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"हात आहे," ती म्हणाली. "एवढासा हात कोरलाय. पाच बोटं. अगं, माझा हात आहे हा!"

मला रडू कोसळलं. मी रडत रडतच कुदळमामावर ओरडले, "बघत काय बसलात? फिरवा तो दगड!"

त्यानं पहार आणली, शेजारच्या शेतातून दोन माणसं आणली, आणि दगड फिरवला. आजीचं नाव पुसट झालं होतं, डोक्यावरच्या उन्हात जेमतेम तीन अक्षरं आणि साल लागत होतं. वहीतल्या ओळीशी ते तंतोतंत जुळलं. हात मात्र खोल कोरलेला होता, नावाच्या अगदी शेजारी, आईला धरल्यासारखा. आत्यानं त्यावर आपला सुरकुतलेला तळवा ठेवला. चार वर्षांचा हात त्याखाली पार झाकून गेला. बराच वेळ तिनं तो उचलला नाही.

पाद्रीबाबा नकाशा घेऊन आले. सगळं ऐकून त्यांनी चष्मा पुसला, भिंतीजवळच्या चौकोनात आजीचं नाव लिहिलं आणि शेजारच्या चौकोनात आत्याचं. "आता निश्चिंत व्हा, आजी," ते आत्याला म्हणाले.

"निश्चिंत कसली?" आत्यानं नाक पुसलं. तिचा आवाज पूर्ववत झाला होता. "एखादा पाथरवट बघा. याच दगडावर, आईच्या खाली, माझं नाव आत्ताच कोरून टाका. आणि मेल्याचं सालही घाला, याच वर्षाचं."

"अगं, भलतंच काय!" मी ओरडले. "हे कशाला?"

आत्यानं काठी दगडाच्या पाठीकडे, गिरणीवाल्याकडे रोखली.

"त्याला बावीस वर्षं मिळाली ना? मला निदान दहा तरी मिळू देत. आईला म्हणावं, जागा धरून ठेव, मी येतेच."