सॉक्रेटिसचं पाठांतर

रविवारी सकाळपासून आखातातल्या अल मनखूल वस्तीतल्या एका फ्लॅटमध्ये सॉक्रेटिस चालू होता. सहावीतली ईश्वरी सोफ्यावर पाय दुमडून बसली होती आणि तिचे बाबा, सुजीत, फोनवर स्टॉपवॉच लावून समोर उभे होते.

"पुन्हा. फ्रॉम द टॉप."

ईश्वरीने सुरुवात केली. दोन मिनिटं पन्नास सेकंद, एकही अडखळण नाही. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता ग्रीक तत्त्ववेत्त्यांचे शिक्षणविषयक विचार. भाषण सुजीतने लिहिलं होतं आणि चांगलं लिहिलं होतं. अडचण वेगळीच होती. गुरुवारी शाळेतल्या तालमीत भाषण संपल्यावर मॅडमनी एकच प्रश्न विचारला होता, "सॉक्रेटिस लोकांना इतके प्रश्न का विचारत असे, असं तुला वाटतं?"

 ईश्वरीने भाषणाचा चौथा परिच्छेद पुन्हा म्हणून दाखवला. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "सोमवारी परत ऐकेन," त्या म्हणाल्या, "पण पाठांतर नको, मला तू ऐकू यायला हवीस. तसं जमलं नाही, तर दुसऱ्या कुणाला पाठवावं लागेल." शुक्रवारी ईश्वरीने वर्गात एकदाही हात वर केला नव्हता.

सुजीतचं ऑफिस सिलिकॉन ओएसिसमध्ये. क्लायंटसमोर जाण्याआधी त्यांची टीम संभाव्य प्रश्नांची शीट बनवते आणि समोर उत्तरं लिहून ठेवते. त्याने घरीही तेच केलं. "चाळीस प्रश्न काढलेत. संध्याकाळपर्यंत पाठ, की खलास!"

"बट बाबा, व्हॉट इफ शी आस्क्स द फॉर्टी-फर्स्ट?"

"मग एक्केचाळिसावाही लिहू!"

स्वयंपाकघरातून ईश्वरीची आई, मैथिली, म्हणाली, "अरे, लेकीला भाषणाला पाठवतोयस की सेल्स मीटिंगला?"

संध्याकाळी सात वाजता दाराची बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या शहरबानू चाची आल्या होत्या. रत्नागिरीकडच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि फैजकडे, म्हणजे मुलाकडे, राहायला आल्या.

"साडेआठच्या सुमाराला चंद्रग्रहण लागतंय, खग्रास आहे. चला सगळे खाली," असं म्हणता म्हणता त्यांची नजर ईश्वरीच्या हातातल्या कागदांवर गेली. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि हसू आवरेना म्हणून खुर्चीवर बसल्या.

"सॉक्रेटिसची उत्तरं पाठ करतेयस? अरे सुजीत, तो माणूस जन्मभर बाजारात उभा राहून नुसते प्रश्न विचारत होता रे!"

सुजीतला ते लागलं. "चाची, ही कॉम्पिटिशन आहे. तिथे परफॉर्मन्स बघतात."

"असेल बाबा. मग मी तुलाच एक विचारते. पृथ्वी गोल आहे?"

"ऑफ कोर्स."

"कशावरून?"

"म्हणजे काय? सॅटेलाइट फोटो आहेत की."

"फोटो आत्ताचे. ॲरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी पृथ्वी गोल असल्याचं पटवून दिलं होतं. विमान नव्हतं, दुर्बीण नव्हती. कशावरून सांगितलं असेल त्याने?"

सुजीतचा हात फोनकडे गेला.

"फोन नको."

सुजीत इंजिनिअर होता. परीक्षेत पहिल्या दहांत येणारा. पृथ्वी गोल आहे हे त्याने किती पेपरांत लिहिलं असेल! पण आपल्याला हे कशावरून कळलं, असा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. 

"मला... माहीत नाही," शेवटी तो म्हणाला.

ईश्वरीने झटकन मान वळवून बाबांकडे पाहिलं. अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य तिने ऐकलंच नव्हतं.

"शाब्बास!" चाची उठल्या. "सॉक्रेटिसच्या शाळेत आता तुझी ॲडमिशन झाली. जेवून घ्या आणि यल्ला, चला खाली. येताना एक थाळी आणि एक संत्रं आणा."

मैथिली दारात घुटमळली. "चाची, सासूबाईंचा फोन येऊन गेलाय. ग्रहणात बाहेर पडू नका म्हणाल्या."

"का, ते सांगितलं?"

"नाही."

"आणि तू विचारलंस?"

मैथिली हसली आणि थाळी तिनेच उचलली.

इमारतीच्या मागे वाळूचं मोकळं पार्किंग आहे. सप्टेंबरची दमट हवा अंगाला चिकटत होती. समोरच्या इमारतींच्या वर पूर्ण चंद्र आला होता. साडेआठला त्याची खालची डावी कड कुणीतरी बोट फिरवावं तशी काळवंडली.

"ही सावली कुणाची?" चाचींनी विचारलं.

"अर्थची. सन आणि मूनच्या मध्ये अर्थ आली," ईश्वरीने सांगितलं.

"हे पुस्तकातलं झालं. आता डोळ्यांनी बघ. सावलीची कड कशी आहे?"

ईश्वरी बघत राहिली. सावली हळूहळू वर सरकत होती. "कर्व्ह्ड आहे! सो द अर्थ इज राउंड!"

"घाई नको. थाळीची सावली पाड बघू भिंतीवर."

मैथिलीने फोनचा टॉर्च धरला. भिंतीवर गोल सावली पडली.

"ही पण गोल. मग पृथ्वी थाळीसारखी चपटी का नसेल?"

ईश्वरीचा चेहरा उतरला. सुजीतचे ओठ हलले. मैथिलीने त्याला चिमटा काढला.  मिनिट गेलं, दुसरं गेलं. आपण घराघरांत मुलांना एवढा वेळ कधी देतो का? सुजीतने तर आजवर दहा सेकंदही दिले नव्हते.

ईश्वरी थाळीशी चाळा करत होती. चाळा करता करता थाळी तिरकी झाली. भिंतीवरचा गोल लांबट झाला, मग बारीक झाला आणि शेवटी नुसती एक रेघ उरली.

"इट चेंजेस!" ती ओरडली. तिने संत्रं उचललं. असं फिरवलं, तसं फिरवलं, उलटं केलं. सावली गोलच! मग तिने चंद्राकडे पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"पण चाची, आज तर एकच ग्रहण आहे. आज थाळी नेमकी सरळ धरली गेली असेल तर? दर वेळी सावली गोल पडते का? चंद्र खाली असताना, डोक्यावर असताना... ऑलवेज?"

चाचींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.  "हाच, बेटा. नेमका हाच प्रश्न! माणसाने जितकी ग्रहणं पाहिली, त्या सगळ्यांत सावलीची कड गोलच निघाली. कुठल्याही बाजूने उजेड पडला तरी जिची सावली गोल, अशी वस्तू एकच, चेंडूसारखा गोळा. ॲरिस्टॉटलने हेच लिहून ठेवलंय. तू आत्ता तिथे पोहोचलीस, तुझ्या पायांनी."

 पलीकडच्या मशिदीत ग्रहणाची नमाज सुरू झाली होती, इमामांचा संथ आवाज येत होता. साडेनऊच्या सुमाराला चंद्राचा उरलेला पांढरा तुकडा विझला आणि तो तांब्यासारखा लाल झाला. सुजीत मान वर करून बघत राहिला. ही सावली आपली होती! आपल्या इमारतीची, या वाळूची, पलीकडच्या समुद्राची, पार रत्नागिरीपर्यंतची. आपण ज्या गोळ्यावर उभे आहोत त्याची सावली साडेतीन लाखांहून जास्त किलोमीटर दूर पडली होती आणि तिचा अर्थ लावायला दोन डोळे आणि एक नीट विचारलेला प्रश्न पुरला होता.

"चाची," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही तिला जवळजवळ काहीच सांगितलं नाहीत."

"सॉक्रेटिसची आई सुईण होती रे. तो म्हणायचा, मीही तेच काम करतो. सुईण काही मूल बाहेरून आणत नाही, आईच्या पोटात असतं तेच जगात यायला मदत करते. तू मात्र पोरीच्या ओटीत चाळीस दत्तक मुलं घालायला निघाला होतास!"

मैथिली खळखळून हसली. सुजीतही हसला, पण त्याचे डोळे ओले होते.

सोमवारी सकाळी ईश्वरीने दप्तर भरताना विचारलं, "बाबा, शीट?"

"राहू दे."

"आणि मॅडमनी न येणारं विचारलं तर?"

सुजीतची नजर शीटकडे गेली. तरी तो म्हणाला, "तर काल मी म्हणालो तेच म्हण."

त्या दिवशी तो ऑफिसमधून लवकर घरी आला. ईश्वरी जेवत होती.

"बाबा, त्यांनी पुन्हा तेच विचारलं, सॉक्रेटिस प्रश्न का विचारायचा. मी म्हटलं, त्याने सांगून टाकलं असतं तर लोक विसरले असते. स्वतः शोधलेलं विसरत नाहीत. मग मी संत्र्याचं सांगितलं."

"आणि?"

"मग त्यांनी विचारलं, प्लेटो गणिताला इतकं महत्त्व का द्यायचा? आय सेड, आय डोन्ट नो, मॅम. विचार करून उद्या सांगू का?"

सुजीत खुर्चीच्या कडेवर आला. "मग?"

"त्या म्हणाल्या, आता मला तू ऐकू आलीस. आय ॲम गोइंग, बाबा!"

सुजीतने तिला जवळ घेतलं. मग विचारलं, "पण खरंच, प्लेटो गणिताला एवढं महत्त्व का द्यायचा गं?"

"माहीत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

आणि बापलेक दोघंही विचार करत बसले.

वाचकहो, आपण मुलांच्या तोंडात उत्तरं घालतो ती प्रेमापोटीच. त्यांनी कुठे अडू नये, हसं होऊ नये, मागे पडू नये म्हणून. पण अडण्याची जागाच काढून घेतली, तर विचार सुरू तरी कुठून होणार? अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सच्या बाजारात एका माणसाने हे ओळखलं होतं. मुलांना उत्तर येत नसलं तर बिघडत नाही. त्यांना प्रश्न पडेनासे झाले, तर मात्र आपलं फार मोठं नुकसान आहे. म्हणून 'मला माहीत नाही' हे वाक्य आपण मोठ्यांनी आधी, मुलांसमोर, न लाजता म्हणायला शिकूया. शिक्षणाची सुरुवात तिथूनच होते!