धोंडप्पा मिस्त्रीचा जबाब

"हे हूक आधीपासूनच ढिले होते का?"

उज्वला मॅडमनी वरून विचारलं तेव्हा धोंडप्पा मिस्त्री खाली शिडी धरून उभा होता. विमा कंपनीने पाठवलेल्या या सर्व्हेअर बाई सकाळच्या एसटीने लातूरहून निलंग्याला आल्या होत्या. घराच्या चारी भिंती जागेवर होत्या, वर मात्र उघडं आभाळ होतं. भिंतीवर वाकलेला एकच लोखंडी पाइप शिल्लक राहिला होता आणि त्यावरचा, पत्रा आवळून धरायचा हूक मॅडम बोटाने हलवून बघत होत्या.

घर मन्मथचं, धोंडप्पाच्या चुलत भावाचं. मे महिन्यातल्या एका दुपारी वावधान सुटलं आणि गल्लीतल्या दोनच घरांचे पत्रे घेऊन गेलं. एक मन्मथचं आणि मधली भिंत सोडली की दुसरं धोंडप्पाचं. दोन्ही घरांवरचे पत्रे नऊ वर्षांपूर्वी धोंडप्पानेच बसवले होते. एकाच दुकानातून आणून, एकाच आठवड्यात.

फरक एवढाच, की कॉलेजात क्लार्क असलेल्या मन्मथने घरासाठी बँकेचं कर्ज काढलं होतं आणि कर्जाबरोबर बँकेने घराचा विमाही त्याच्या गळ्यात मारला होता. तेव्हा मन्मथ कुरकुरला होता आणि धोंडप्पा पोट धरून हसला होता. "घर काय मोटारसायकल हाय का रे, इमा काडायला?"

आता हसायची पाळी मन्मथची होती. तो हसत नव्हता, हेच धोंडप्पाला जास्त झोंबत होतं. वावधानाच्या दुसऱ्या दिवशी मन्मथने कंपनीला फोन लावला. पलीकडून सांगितलं, पडलेलं काही उचलू नका, फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा घ्या, मिस्त्रीकडून नव्या छताचा अंदाज लिहून घ्या. मिस्त्री म्हणजे धोंडप्पाच. स्वतःच्या घरावर टाकलेल्या निळ्या ताडपत्रीखाली बसून त्याने भावाच्या छताचा अंदाज लिहिला. रंगीत पत्रे, नवे पाइप.

"त्येंच्यावर रंगीत पत्रे, अन् आपल्यावर ही फडफड," त्याची बायको गुरम्मा भाकरी थापता थापता म्हणाली.

"गप बस," तो म्हणाला खरा, पण ते वाक्य कानातून निघेना. तीस वर्षं तो लोकांची घरं झाकत आला होता. मन्मथला साधा खिळा सरळ ठोकता येत नव्हता. तरी नोकरी त्याला, पगार त्याला, आणि आता आभाळ फाटलं तर ते शिवून द्यायला कंपनीही त्यालाच.

"बोला ना मिस्त्री. ढिले होते का?"

मन्मथ कागद आणायला आत गेला होता.

"व्हते," धोंडप्पा म्हणाला. "नऊ सालात कुनी आवळलेच न्हाईत. हुकाखालचे रबरी वायसर कुजलेले. वावधान नसतं आलं तरी एक दिस गेलेच असते पत्रे."

बोलून झालं आणि छातीतली जळजळ जरा थंडावल्यासारखी वाटली. मॅडमनी लिहून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, "बसवले कोणी होते?"

"मीच."

तेही त्यांनी लिहून घेतलं.

तो हूक वाऱ्याने वाकला म्हणून हलत होता, हे धोंडप्पाला पक्कं ठाऊक होतं. बाकीचे पाइप घरामागच्या बाभळीत जाऊन पडले होते आणि त्यांच्यावरचा एकही हूक जागचा हलला नव्हता. तिकडे त्याने मॅडमना नेलंच नाही.

तीन आठवड्यांनी मन्मथ हातात पत्र घेऊन आला.

"आण्णा, दावा नामंजूर केलेत." त्याने वाचून दाखवलं. छत वादळाने नव्हे, तर देखभालीचा अभाव आणि सदोष जोडणी यांमुळे गेलं होतं. बसवणाऱ्या मिस्त्रीनेच तसं सांगितलं होतं.

आता हा शिव्या घालणार म्हणून धोंडप्पा मान खाली घालून उभा राहिला. पण मन्मथचा आवाज चढला नाही.

"जे हाय ते सांगितलास, तुजं काय चुकलं न्हाई. पन आण्णा, माज्याच घरावर ढिलं काम कामून केलास रे? लोकाच्या घरावर तर तसं करत न्हाईस."

काम चोख होतं म्हणावं, तर धोंडप्पाला खोटं बोललो हे कबूल करावं लागत होतं. मन्मथने पत्राची घडी घातली आणि तो निघून गेला.

दोन दिवसांत ढिल्या हुकांची गोष्ट गल्लीभर झाली. किराणा दुकानदार रामलिंगच्या गोदामाचं काम ठरलेलं होतं. त्याने धोंडप्पाला रस्त्यातच गाठलं. "मिस्त्री, तुमचे हूक ढिले असत्यात म्हनं. मी आता देवणीचा मिस्त्री बोलवायलोय."

आणि नवल म्हणजे, अशा वेळीही धोंडप्पाला मन्मथचाच हेवा वाटला. घर उघडं पडलं तरी तो गल्लीतून मान वर करून चालत होता.

दुसऱ्या दिवशी धोंडप्पा लोखंड कापायचं ब्लेड घेऊन बाभळीत शिरला. दोन हूक असलेला हातभर पाइप त्याने कापून काढला, पोत्यात गुंडाळला आणि लातूरची एसटी धरली.

"मॅडम, त्या दिशी मी खोटं बोललो." त्याने पाइप त्यांच्या ऑफिसातल्या टेबलावर ठेवला. हुकांच्या वायसरखाली पत्र्याचे फाटके तुकडे अजून तसेच आवळलेले होते. "पत्रा फाटला. हूक सुटला न्हाई. हा घ्या पाना, लावून बगा."

उज्वला मॅडमनी पाना लावला, उठून उभ्या राहिल्या, सगळा जोर लावला. नट तसूभरही फिरला नाही.

"मग खोटं का बोललात?"

"माजंबी घर त्याच वावधानात गेलं. त्याला मिळनार व्हतं. मला न्हाई."

मॅडमनी पाइप बाजूला सरकवून कोरा कागद पुढे केला. मग म्हणाल्या, "हे सहीनिशी लिहून द्यावं लागेल. फाइल पुन्हा उघडायची तर कारण लागतं. आणि याची प्रत मन्मथरावांना जाईल."

"जाऊ द्या."

खुर्चीच्या कडेवर बसून त्याने जबाब लिहिला. 'भावावर जळून' असं लिहिताना पेन दोनदा अडखळलं. पण त्याने ते खोडलं नाही.

मॅडम पुन्हा येऊन बाभळीतले पाइप बघून गेल्या. दावा मंजूर झाला. पत्रे नऊ वर्षं वापरलेले, म्हणून घसारा कापून घेतला, तेवढी भर मन्मथने घातली. मग एका सकाळी तो धोंडप्पाच्या दारात येऊन उभा राहिला.

"सोमवारी पत्रे येत्यात. तू कवा मोकळा हायस?"

"मोकळाच हाय."

दोन दिवस काम चाललं. मन्मथची बायको राजकन्या एरवी चहा हातात द्यायची. या वेळी ती कप ओट्यावर ठेवून आत निघून जात होती. वर बसून नट आवळताना धोंडप्पाला शेजारची आपली ताडपत्री दिसायची, आणि पोटात दुखायचंच. सही केल्याने ते काही गेलं नव्हतं. तो पाना आणखी अर्धा फेरा फिरवायचा आणि पुढच्या हुकाकडे सरकायचा.

शेवटचा पत्रा बसल्यावर मन्मथने मोटार चालू केली आणि नळीने छतावर पाणी सोडलं. धोंडप्पा एकटा आत गेला. डोक्यावर पाण्याचा आवाज घुमत होता. तळहात पुढे धरून तो एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू चालत गेला, प्रत्येक जोडाखाली थांबला.

"गळतंय का कुठं?" मन्मथने बाहेरून हाक दिली.

धोंडप्पाने कोरडा तळहात शर्टाला पुसला आणि पुन्हा पुढे धरला.

"न्हाई. आजून सोड पानी."